आमच्या ज्येष्ठांच्या वर्गाला गळती लागली आहे (सोलापूर). काय चुकतंय?

निवृत्त_कारकून
सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमची वस्ती अक्कलकोट रोडच्या बाजूची. निम्म्या घरांतली माणसं यंत्रमागावर राबलेली, बायका विड्या वळणाऱ्या. मी बँकेतून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर आम्ही तिघांनी मिळून समाजमंदिरात साठीच्या पुढच्यांसाठी वर्ग सुरू केला. मी, एक निवृत्त बाई (शाळेतल्या) आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक पोरगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ५ ते साडेसहा. फी नाही. पाटी-पेन्सिल आमची, चहाही आमचाच.

पहिल्या दिवशी ३१ जण आले. खुर्च्या पुरल्या नाहीत, सतरंजी मागवावी लागली. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा (जत्रा) भरला तेव्हा वर्ग ओस पडला, ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण गड्डा उठला तरी माणसं काही परत आली नाहीत. आज हजेरी ९. त्यातले दोघं निव्वळ चहासाठी येतात हे मला कळतं, पण येतात तर.

अभ्यासक्रम आम्ही तीन रविवार बसून आखला होता. आधी अक्षरओळख आणि सही, मग आकडेमोड, मग मोबाइल, शेवटी आरोग्य. तक्ते केले, हजेरीपट केला. बँकेतली सवय, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात गळालेल्यांपैकी एक आजी रस्त्यात भेटल्या. "का येत नाही?" तर म्हणाल्या, "येतो की सर, पाणी येऊन जाऊ दे." पाणी येऊन गेलं. आजी आल्या नाहीत.

कुणी असे वर्ग चालवले असतील तर सांगा. आमचं चुकतंय कुठं?

पाण्याचा_नंबर
सोमवार, रात्री ९:५२

काका, उत्तर तुमच्याच धाग्यात आहे की!

तुमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येत असणार, म्हणजे पाण्याचा वार दर खेपेला सरकतो. तुमचा वर्ग मात्र वार धरून बसलाय. आज सोमवारी पाणी, पुढचं शुक्रवारी, त्याच्या पुढचं बुधवारी. झाले तिन्ही वार. आणि घरात पाणी भरायला कोण असतं? सून कामावर, पोरगा कामावर, राहते म्हातारी. घागरी, पिंप, टाकी सोडून 'क'चा काना शिकायला कोण येईल?

दुसरं, आता मे चाललाय. पारा ४२-४३ला टेकतोय आणि समाजमंदिरावर पत्रे असणार (असणारच). संध्याकाळी ५ ला पत्रा खाली आग ओकत असतो. सकाळी ७ ला घ्या.

वार सोडा, पाण्याचं वेळापत्रक धरा. पुण्या-मुंबईचे लोक हसतील, हसू द्या.

उंटावरचा_शहाणा
सोमवार, रात्री १०:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्तराव्या वर्षी पाटीवर गमभन गिरवून होणार काय? त्यापेक्षा त्याच वस्तीतल्या दहावी नापास पोरांना शिकवा, चार पैसे कमावतील. म्हाताऱ्यांना हवी चार वाजता सावली, गप्पा आणि वेळेवर गोळ्या. 'आजीच्या हाती पाटी' असा फोटो छान येतो, एवढंच.

कांडीवाल्यांची_लेक
सोमवार, रात्री ११:०५

@उंटावरचा_शहाणा, तुमच्या आईला गोळीच्या पाकिटावरची तारीख कोण वाचून दाखवतं?

@निवृत्त_कारकून काका, मी आता पुण्यात असते, पण माहेर साखर पेठेतलं. आमच्या घरी तेलुगू. अम्मानं पन्नास वर्षं सोलापुरात काढली. मराठी बोलते, पण तिचं मराठी ऐकून लोक हसतात आणि हसलं की ती गप्प होते. तिला लिहिता-वाचता येत नाही असं सगळे धरून चालतात. खरं म्हणजे तिला तेलुगू अक्षरं येतात, लहानपणी आजोळी शिकलेली. मराठीच्या वर्गात बसली की ती पुन्हा शून्यावर.

तुमच्या ३१ जणांत घरी मराठी बोलणारे किती, हे पहिल्या दिवशी विचारलं होतं का? तेलुगू असतील, कन्नड असतील, उर्दू असतील. 'निरक्षर' म्हणून एका सतरंजीवर बसलेल्या माणसांत कुणाला दुसऱ्या लिपीची अक्षरं येत असतात, कुणाला नुसते आकडे येतात, कुणाला एसटीच्या पाट्या आकारावरून ओळखता येतात. सगळ्यांना 'अ' पासून सुरू केलं तर ज्याला येतं त्याचा अपमान आणि ज्याला येत नाही त्याची फजिती.

आकड्यांचंही बघा. जुन्या माणसांना १, २, ३ येतात ते आपले देवनागरी, भिंतीवरच्या कालनिर्णयातले. मोबाइलवर आकडे असतात इंग्रजी वळणाचे, फोनची भाषा मराठी केली तरी डायल करायचे आकडे बऱ्याचदा तेच राहतात. अम्माला त्यांतला ७ ओळखू यायला महिना लागला. घरात सगळे म्हणायचे, एवढंही येत नाही!

निवृत्त_कारकून
मंगळवार, सकाळी ६:४०

ताई, नाही विचारलं. रात्री झोपताना मोजदाद केली. ३१ पैकी निदान १४ घरं तेलुगू, ४ कन्नड. आणि आम्ही तक्ता लावला होता 'माझी मायबोली'.

पाण्याचा_नंबर यांना दंडवत. पत्रेच आहेत.

हेकट_पेन्शनर
मंगळवार, सकाळी ८:२०

वय ७२. असल्या एका वर्गाला मी दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदा गेलो नाही. का, ते सांगतो.

शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर सगळ्यांना म्हणाली, "आजोबांसाठी जोरदार टाळ्या!" अहो, छत्तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलो, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवून घ्यायला मी बालवाडीत आलोय काय?

आणि काय शिकायचं हे आम्हाला कुणी विचारत नाही. 'ज्येष्ठांसाठी' म्हटलं की भजन, हास्यक्लब आणि मोबाइल, झालं. मला मोडी शिकायची आहे. घरात पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, त्यात काय लिहिलंय ते मरायच्या आत कळावं, एवढीच हौस. त्याला कुणी वर्ग काढत नाही.

मी_ऑडिओलॉजिस्ट
मंगळवार, दुपारी १:१०

हेकट काकांशी पूर्ण सहमत. माझ्या कामातलं थोडं सांगते.

काका, तुमच्या वर्गात मागावर काम केलेले पुरुष किती? यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचा कान आधी उंच पट्टीच्या आवाजांना जातो. त्याला बोललेलं 'ऐकू' येतं, पण नीट 'कळत' नाही, कारण स, श, फ, थ यांसारखे व्यंजनांचे बारीक आवाज निसटतात. 'सात' की 'हात', 'फळ' की 'पळ' हा गोंधळ होतो. माणूस मान डोलावतो, सगळं कळल्यासारखं हसतो आणि चार दिवसांनी यायचं बंद करतो. घरचे म्हणतात, विसराळू झालाय.

ओरडून शिकवू नका, ओरडल्यानं आवाज फाटतो आणि आणखी कळेनासं होतं. संथ बोला, तोंड समोर ठेवा, खिडकीकडं पाठ करून उभे राहू नका, नाहीतर चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यासाठी सतरंज्या आणि भिंतीवर दोन जाड चादरी लटकवा. सोलापुरात चादरींना तोटा नाही.

आणि चष्मे तपासा. जवळचं वाचायला लागणारा साधा चष्मा नसल्यामुळं 'अक्षर लागत नाही' म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत.

शेंगाचटणी
मंगळवार, दुपारी १:४५

अवांतर: चहाऐवजी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही ठेवा. हजेरी ३१ नाही, १३१ होईल.

पाण्याचा_नंबर
मंगळवार, दुपारी १:५८

झाली धाग्याची हुरडा पार्टी सुरू.

साक्षरता_सेवक
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मी प्राथमिक शिक्षक, जिल्ह्यातच नोकरी. 'उल्लास' म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमाचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. २०२२ ते २०२७ ही केंद्राची योजना, १५ वर्षांच्या पुढच्या कुणालाही, वरची वयोमर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक, मानधन शून्य. जवळच्या शाळेत नाव नोंदवलं की परीक्षेला बसता येतं. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण, प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. वेळ ३ तास, पण दिवसभरात आपल्या सवडीनं येऊन द्यायची. आपल्या राज्यात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. आमच्या केंद्रावर एक आजी पेपर देता देता मध्येच घरी जाऊन म्हशीची धार काढून आल्या. नियमात बसतं की नाही ते विचारू नका.

प्रमाणपत्र मिळतं. पण माझा अनुभव असा की साठीच्या पुढच्यांना त्याचं फार अप्रूप नसतं. त्यांना शिकायचं असतं ते एखाद्या ठरावीक कामासाठी. ते काम कोणतं हे काढून घेणं हीच खरी मेहनत, आणि ते ओळखीशिवाय कुणी सांगत नाही.

निवृत्त_कारकून
शुक्रवार, रात्री ८:५०

मंडळी, तीन दिवस गायब होतो कारण घरोघरी फिरत होतो. गळालेल्या २२ पैकी १७ जणांना भेटलो. शिकवणाऱ्या बाई तेलुगू जाणणाऱ्या एका शेजारणीला बरोबर घेऊन हिंडल्या. 'का येत नाही' हा प्रश्न वर्ज्य. एकच विचारायचं: कुठल्या कामासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं?

उत्तरं ऐकून आमचे तक्ते मी कपाटावर टाकले.

पेन्शनवाले पाच. गिरणीतून, कारखान्यातून निवृत्त झालेले, ईपीएस-९५ची (पीएफवाल्यांची) तुटपुंजी पेन्शन. हयातीचा दाखला द्यायला सायबर कॅफेत जातात, तिथं बोट लावलं की मशीन घेत नाही. विड्या वळून किंवा सूत हाताळून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. एकाला तीन वेळा परत पाठवलं होतं. आमच्या मोबाइलवाल्या पोरानं त्याच्याच ओसरीवर बसून चेहरा दाखवून जीवन प्रमाण (हाच दाखला, पण मोबाइलवरून) काढून दिलं. दोन अॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचं फेस आरडी. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, वर्षात कधीही दिला तरी दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी बँकेत होतो, मलाही धड माहीत नव्हतं, कबूल करतो.

तीच बोटं टचस्क्रीनवरही चालत नाहीत. आमचा पोरगा आजवर म्हणायचा, "आज्जी, हळू दाबा." आज्जी हळूच दाबत होत्या. कातडी कोरडी आणि जाड, स्क्रीनला स्पर्शच कळत नाही. ओल्या फडक्याला बोट पुसून लावलं तर पहिल्या फटक्यात लागलं. सहा महिने आम्ही त्यांना मठ्ठ समजत होतो.

फसवणुकीची भीती तर सगळ्यांनाच. एका घरी पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, 'डिजिटल अरेस्ट' म्हणून. आजोबा दोन तास खुर्चीतून उठले नाहीत, लघवीलासुद्धा. पैसे वाचले ते फोनची बॅटरी संपली म्हणून.

हेकट_पेन्शनर
शुक्रवार, रात्री ९:३०

असली अटक कायद्यात नाहीच, हे मोठ्या अक्षरात दारावर लावा. आणि पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, हे त्याच्याखाली.

हेल्पलाइनचा नंबर १९३०. सोलापूरच्या माणसाला हा नंबर पाठ करायला लागू नये. मे १९३० मध्ये तीन-चार दिवस आपल्या गावात इंग्रजाचं राज्य नव्हतं, मग १२ मेला मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. चार पुतळ्याजवळून रोज जाता ना? फसलात की ते साल फिरवायचं, लगेच फिरवायचं. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

निवृत्त_कारकून
शुक्रवार, रात्री ९:४१

काका, हे पुढच्याच वर्गात घेतो! आणि मोडीचे कागद घेऊन तुम्हीही या. मोडी मलाही येत नाही, पण बाईंना थोडी येते असं आज कळलं. सात महिने एकत्र शिकवतोय, कधी बोलल्याच नाहीत.

चार_सुतांचा_धागा
शनिवार, सकाळी ११:१५

नातीच्या आयडीवरून बोलून लिहीत आहे मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे कारकून सरांच्या वर्गात दोन महिने होते मग सोडला मी चाळीस वर्षं व्हिडिओ वळल्या रोज हजार व्हिडिओ पान कापायचं तंबाखू भरायचा सुतानं बांधायचं बोटं बघितली तर अजून पिवळी आहेत वर्ग सोडला कारण माझी विहीणबाई माझ्या पुढच्या ओळीत बसायची तिला येत होतं मला येत नव्हतं पाटी वर करा म्हणायचे बाई मग सगळ्यांना दिसायचं घरी जाऊन ती माझ्या लेकीला सांगायची म्हणून सोडला पूर्णविराम

सर घरी आले तेव्हा खरं सांगितलं नाही पाणी म्हणाले मला शिकायचं आहे पण कमळ बदक नको माझ्या ट्रंकेत कारखान्याची कार्डं आहेत सगळी ठेवली आहेत कारखान्याचं नाव सांगत नाही त्यात रोजच्या व्हिडिओ लिहिलेल्या असायच्या किती दिल्या किती छाट काढल्या मुनीम लिहायचा मी अंगठा द्यायची हजार दिल्या तर नऊशेच लागल्या म्हणायचा मला ती कार्डं वाचायची आहेत पूर्णविराम

(नात: आजी 'विडी' म्हणते, फोन 'व्हिडिओ' लिहितो. दुरुस्त करत होते तर म्हणाली राहू दे, तेवढंच हसतील. 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब येईल असं मीच तिला सांगितलं होतं, ते आलं नाही.)

उंटावरचा_शहाणा
शनिवार, दुपारी १२:४०

आजी, माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

@कांडीवाल्यांची_लेक, आईच्या गोळ्यांच्या तारखा मी वाचतो. मी नसलो की बायको. दोघंही नसलो तर काय, हा विचार रात्री आला.

कांडीवाल्यांची_लेक
शनिवार, दुपारी २:००

आजी, पाटी वर करायला लावणं बंद करायला सांगा त्या बाईंना. हक्कानं सांगा.

काका, इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचे गट चालतात, तिथं परीक्षा नाही, पगारी शिक्षक नाही, शिकणाऱ्यांतलाच ज्याला जे येतं तो ते शिकवतो. मूळ कल्पना फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाची, १९७३ची, पण तिथं प्राध्यापक शिकवायचे. आपल्याकडं इंग्लंडची तऱ्हा जास्त चालेल असं वाटतं. वस्तीत हुन्नर कमी आहे का?

निवृत्त_कारकून
पुढचा रविवार, रात्री ८:०५

थोडं सविस्तर लिहितो, कारण या आठवड्यात बरंच झालं.

वेळ सकाळी ७ ते ८. वार नाहीत. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी सुट्टी, बाकी रोज. दारावर खडूनं लिहितो. एकाच्या जागी तीन गट, मधे पडद्याऐवजी चादरी (ऑडिओलॉजिस्ट ताई, आवाज खरंच बसला). तेलुगूवाल्यांचा गट ती शेजारीण घेते, तेलुगू अक्षराशेजारी मराठी अक्षर. विहिणी-विहिणी वेगवेगळ्या गटांत. पाट्या बंद, प्रत्येकीला वही, वही आपल्यापुरती.

परवा मोबाइलवाला पोरगा क्यूआर कोड समजावत होता. कुणाला काही लागेना. मागं एक आजोबा बसतात, एरवी तोंड उघडत नाहीत, चादरीच्या जेकार्डवर आयुष्य गेलेलं. ते उठले आणि म्हणाले, "हे आमचं कार्ड हाय की बे." पोराला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जेकार्डला पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. कार्डावर भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं खाली राहतो. मधून धोटा जातो आणि एकेका कार्डाला एकेक ओळ विणत मोर तयार होतो. मोर कार्डात कुठंच दिसत नाही, दिसतात ती नुसती भोकं. "तुझ्या चौकटीत काळं-पांढरं, आमच्यात भोक आणि बिनभोक. फोन वाचतो, माग वाचायचा." दुसऱ्या दिवशी घरातून जुनं कार्ड घेऊन आले, कडा कुरतडलेल्या, तेलाचा वास. अख्खा वर्ग त्यांच्याभोवती. पोरगा नंतर मला म्हणाला, काका, मला तरी क्यूआर आजच कळला.

आता आजींची कार्डं. बुधवारी त्या पिशवीत घालून आल्या. पिवळी पडलेली, दोन वाळवीनं खाल्लेली. कमळ-बदक बाजूला ठेवून बाईंनी त्यावरचेच शब्द फळ्यावर घेतले: पान, तंबाखू, विडी, छाट, जमा. पाच शब्द आणि दहा आकडे. आजींना आकडे भराभर लागले, हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून होताच. शनिवारी त्यांनी एक कार्ड स्वतः वाचलं, बोट ठेवून. '९५०' आलं तिथं थांबल्या. "त्या दिवशी लेकाला ताप होता," म्हणाल्या, "रात्री कंदिलावर वळल्या होत्या. छाट पन्नास बरोबर हाय." मग पुढचं कार्ड घेतलं. त्यात रोजच्या रोज छाट शंभर. सोमवार शंभर, मंगळवार शंभर, बुधवार शंभर. विड्या कधी ९०, कधी ११५ अशा वाईट निघतील, रोज बरोबर शंभर कशा निघतील? एवढं मला बँकवाल्याला कळतं. आजींनाही कळलं. काही बोलल्या नाहीत, पान उलटलं.

शेजारी विहीणबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्याही घरी कार्डं आहेत म्हणे.

आज हजेरी १९. ३१ नाही, पण चहा कमी पडला.

हेकट_पेन्शनर
पुढचा रविवार, रात्री ८:४०

कागद घेऊन येतो. उद्या आहे का वर्ग?

निवृत्त_कारकून
पुढचा रविवार, रात्री ८:४४

उद्या आमच्याकडं पाणी आहे. परवा या.